चौकोनी फोर बाय फोर हायवेला इतकं डिझेल का पिते?

पायवाट_ते_पठार

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज विचारतोच. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली जुन्या धाटणीची चौकोनी फोर बाय फोर आहे, डिझेल, लॅडर चॅसी (म्हणजे शिडीसारख्या सांगाड्यावर बसवलेली बॉडी), मी आणि सामान धरून साधारण 2 टन वजन. आधीच्या मालकाने टपावर मोठं लोखंडी कॅरिअर बसवलंय, कॅरिअरच्या पुढच्या कडेला लांबलचक लाइट बार आहे, आणि मूळचे 245/75 आर16 मापाचे टायर काढून 265/75 आर16 ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांना चालणारे, घातलेत.

तर प्रॉब्लेम असा की साध्या दुपदरी रस्त्याला 80 धरून चाललो की 14 चं अॅव्हरेज मिळतं आणि हीच गाडी चौपदरी हायवेला 110 ने नेली की थेट साडेनऊ. रस्ता सपाट, एसी दोन्हीकडे चालू, माणसं तेवढीच. मेकॅनिक म्हणाला इंजेक्टर साफ करा, केले, काडीचा फरक नाही. एअर फिल्टर नवीन टाकला, टायरची हवा बघितली, जॅकवर उचलून चारही चाकं हाताने फिरवून बघितली, ब्रेक कुठे धरत नाहीयेत. आधी माझ्याकडे सेडान होती, ती पण 110 ला जास्त प्यायची पण अशी एकदम खाली नाही यायची.

आता इंजिनमध्ये दोष शोधत बसू का हा सगळा आकाराचाच परिणाम आहे? आणि आकाराचा असेल तर गाडी न बदलता काय करता येईल तेवढं सांगा. विकायची अजिबात नाहीये. ती उभी काच, तो सपाट बोनेट, सीटवर बसलं की पुढच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत दिसतं, मला या गाडीत बसल्यावर जे वाटतं ते दुसऱ्या कशात वाटत नाही.

---

वारा_आणि_वजन

इंजिन सोडा, तुमचे दोन्ही आकडे अगदी जिथे असायला पाहिजेत तिथे आहेत. मी गणित मांडून दाखवतो म्हणजे मेकॅनिककडच्या फेऱ्या वाचतील.

सपाट रस्त्यावर एका स्पीडने चालणाऱ्या गाडीला मुख्य दोनच गोष्टी मागे ओढतात, टायरचं घर्षण आणि हवा. टायरचं ओढणं जवळपास वजनावर अवलंबून, स्पीड वाढला तरी त्यात फार फरक पडत नाही. 2 टन गाडी आणि ऑल टेरेन टायर म्हटल्यावर साधारण 275 न्यूटन धरा. हवेचं मात्र वेगळं आहे, ते स्पीडच्या वर्गाने वाढतं, म्हणजे स्पीड दुप्पट तर ओढ चौपट. त्यात दोन गोष्टींचा गुणाकार असतो, एक समोरून गाडी किती मोठी दिसते ते क्षेत्रफळ आणि दुसरा ड्रॅग कोइफिशंट, ज्याला सगळे सीडी म्हणतात, म्हणजे तेवढ्या क्षेत्रफळात हवा किती नीट किंवा वाईट वळवली जाते त्याचा आकडा. तुमच्या गाडीला समोरून 2.8 चौरस मीटर आणि कॅरिअर, लाइट बार धरून सीडी 0.5 असा अंदाज घेतो. गुणाकार 1.4. बऱ्यापैकी सेडानचा हाच गुणाकार 0.6 च्या आसपास येतो, म्हणजे तुम्ही दुपटीहून मोठी भिंत ढकलताय.

आता 80 ला हवेची ओढ येते 415 न्यूटन, टायरचे 275 मिळवा, झाले 690. 110 ला हवेची ओढ 784 होते, टायर तेवढेच, एकूण 1059. म्हणजे स्पीड 37 टक्के वाढला आणि गाडीला मागे ओढणारं बळ 53 टक्के वाढलं. इंजिनला लागणारी पॉवर तर अजून जास्त वाढते कारण बळ गुणिले स्पीड, 80 ला चाकांपाशी साधारण 15 किलोवॅट लागत होती ती 110 ला 32 च्या पुढे गेली.

डिझेलमध्ये लिटरला साधारण 36 मेगाज्यूल ऊर्जा असते आणि त्यातली 28 टक्के चाकांपर्यंत पोहोचते असं धरलं तर 80 ला उत्तर येतं 14.6 आणि 110 ला 9.5. तुमचे आकडे 14 आणि 9.5. मला वाटतं याहून चांगला आरोग्य दाखला तुमच्या इंजिनला कोणी देणार नाही.

सेडानचं तसं का व्हायचं नाही ते पण यातच आहे. तिच्यात हवेचा वाटाच लहान असतो म्हणून स्पीड वाढल्यावरचा फटका पण लहान. तुमच्या गाडीत 65 च्या आसपासच हवा टायरच्या बरोबरीला येते आणि तिथून पुढे प्रत्येक किलोमीटर हवेलाच द्यायचा असतो.

---

रानवाट_ती

दादा गणित उत्तम, पण मूळ पोस्टमधल्या आकड्यातच एक गडबड आहे ती आधी सांगते. टायर बदललेत ना, मग तुमचं ओडोमीटर खोटं बोलतंय. 245/75 आर16 चा व्यास येतो 774 मिलिमीटर आणि 265/75 आर16 चा 804. म्हणजे चाक एका फेऱ्यात जवळपास 4 टक्के जास्त अंतर कापतंय पण मीटरला ते कळत नाही, तो जुन्या टायरच्या हिशोबानेच मोजतो. तुम्ही 100 किमी गेलात असं मीटर म्हणतो तेव्हा खरे 104 झालेले असतात. तेव्हा तुमचे 14 हे खरे साडेचौदा आणि साडेनऊचे 9.9 करून घ्या. स्पीडोमीटर पण त्याच प्रमाणात कमी दाखवणार, फक्त कंपन्या तो मुळातच थोडा जास्त दाखवणारा ठेवतात म्हणून ते एकमेकांत जिरून जातं. एकदा जीपीएस लावून बघा, सगळं समजेल. मोठे टायर टाकले आणि अॅव्हरेज पडलं म्हणणारे निम्मे लोक हे दुरुस्त करतच नाहीत, आणि मग जे टायरने केलंच नाही त्याचं खापर पण टायरवर फोडतात.

आता कॅरिअर. ते उतरवा. खरंच, बाकी काही करू नका आधी ते उतरवा. माझ्या गाडीवर चार वर्षं होतं, वर्षातून दोनदा सामान बांधायचे आणि उरलेले दिवस ते रिकामंच हवा कापत फिरायचं. उतरवलं त्या दिवशी पहिली गोष्ट जाणवली ती आवाज. 90 च्या पुढे जी शिट्टी आणि घरघर यायची ती गेली, आणि तो आवाज म्हणजेच डिझेल होतं, कारण हवा तिथे फाटत होती आणि ती फाडायला लागणारी ताकद इंजिनच देत होतं. रिकाम्या कॅरिअरचे ते गोल आणि चौकोनी पाइप दिसायला बारीक दिसतात पण प्रत्येक पाइपच्या मागे हवेचा गोंधळ उडतो, आणि हे सगळं अशा जागी जिथे काचेवरून चढून आलेली हवा आधीच जोरात पळत असते. लाइट बार तर सपाट पट्टीच आहे हवेसमोर उभी केलेली.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने टपावरच्या मोठ्या बोथट पेटीचे आकडे दिलेत, शहरात 2 ते 8 टक्के, हायवेला 6 ते 17 आणि ताशी 105 ते 120 किमीच्या पट्ट्यात 10 ते 25 टक्के अॅव्हरेज पडतं. तीच पेटी गाडीच्या मागे लावली तर हायवेला फक्त 1 ते 5 टक्के. याचं कारण सोपं आहे, आपल्या गाडीच्या मागे आधीच मोठी पोकळी तयार झालेली असते, पेटी त्या पोकळीत लपते. म्हणून जमेल तेवढं सामान आत किंवा मागे, टपावर फक्त नाइलाज असेल तेव्हा.

आणि मोजायचं तर टाकी फुल ते टाकी फुल मोजा, पंपाची बंदूक पहिल्यांदा कट झाली की थांबायचं, दोन्ही वेळेला तसंच. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका.

---

सपाटकाच

वरच्या दोघांशी सहमत पण एक गोष्ट मला मनापासून सांगायचीये कारण या विषयावर लोक फार चटकन हात झटकतात, "डबा आहे हो, अजून काय होणार" असं म्हणून. डबा असणं आणि हवेत वाईट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फोक्सवॅगनची ती जुनी व्हॅन आठवा, 1950 साली उत्पादनात आली ती. तिचा सुरुवातीचा नमुना अगदी सपाट तोंडाचा होता, ब्राउनश्वाइगच्या तंत्र विद्यापीठातल्या वाऱ्याच्या बोगद्यात घातला तर सीडी आला 0.75. मग त्यांनी पुढची काच मध्ये दुभागून थोडी व्ही आकारात केली, तोंडाच्या कडा गोल केल्या, आणि आकडा 0.44 वर आला. त्यांची बीटल, जी दिसायला गोल गुळगुळीत, तिचा 0.48 होता! म्हणजे पाव रोटीसारखी व्हॅन बीटलपेक्षा हवेत चांगली ठरली, अर्थात व्हॅनचं समोरचं क्षेत्रफळ मोठं असल्यामुळे एकूण ओढ तिची जास्तच.

यातून काय कळतं तर सगळा खेळ पुढच्या कडांचा आहे. हवा सपाट तोंडावर आपटते आणि चारही बाजूंनी बाहेर पळते, कडेपाशी तिला 90 अंशात वळायचं असतं. कड धारदार असेल तर तिला वळता येत नाही, ती गाडीपासून सुटते आणि बाजूच्या काचांवर, टपावर भोवरे घालत बसते. कडेला थोडी गोलाई दिली की ती चिकटून वळते. आणि गंमत म्हणजे गोलाई थोडीच लागते, एका मर्यादेपुढे अजून गोल करून हाती फारसं काही लागत नाही. म्हणून लांबून चौकोनी दिसणारी गाडी पण आतून शहाणी असू शकते.

नवी लँड रोव्हर डिफेंडर 110 बघा, दिसायला डबाच, सीडी 0.38. मर्सिडीजने 2024 ला इलेक्ट्रिक जी क्लास आणली, तो आकार 1979 पासूनचा, लांबून बघितलं तर काही बदललंय असं वाटणार पण नाही, पण काचेच्या बाजूच्या खांबांवरचं आवरण, टपाच्या पुढच्या कडेला छोटी पट्टी असली कामं करून 0.44 ला आणलीये. जीप रँग्लरची 2018 ची पिढी आली तेव्हा पुढची जाळी वरच्या भागात मागे झुकवली आणि काच पण थोडी आडवी केली, हे हवेसाठीच, तरी ती 0.45 च्या आसपासच थांबते कारण चाकं बाहेर, मडगार्ड बाहेर, दरवाज्यांची बिजागरं बाहेर आणि टप काढता आला पाहिजे.

आणि हा आकार उगाच आला नाहीये. 1948 ची पहिली लँड रोव्हर अॅल्युमिनियमच्या पत्र्याची झाली कारण युद्धानंतर पोलाद रेशनवर होतं, आणि सपाट पत्रा वाकवायला महागडे साचे लागत नाहीत. सपाट काच फुटली तर कुठेही कापून बसवता येते. उभ्या बाजूंमुळे आत जागा मिळते, पुढचं नाक आखूड आणि उंच म्हणून चढाला बंपर टेकत नाही. यातलं प्रत्येक कारण खरं आहे आणि आजही लागू आहे, म्हणून मी या आकाराला चूक म्हणायला तयार नाही. त्याने हायवेवरचा वारा सोडून बाकी सगळ्याचा विचार केला होता.

---

पायवाट_ते_पठार

बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. ओडोमीटरचं तर डोक्यातच आलं नव्हतं. कॅरिअर या रविवारी उतरवतोय, बोल्ट गंजलेत पण निघतील.

अजून दोन शंका. एक, ऑनलाइन ते छोटे पंख मिळतात ना टपाच्या मागच्या कडेला ओळीने चिकटवायचे, त्याने खरंच फरक पडतो का? विकणारा म्हणतो 10 टक्के वाचेल. आणि दुसरी, परवा एकाच रस्त्याने गेलो आणि आलो तर जाताना आणि येताना अॅव्हरेजमध्ये खूप फरक आला, स्पीड तोच होता. हा वारा असेल का?

---

वारा_आणि_वजन

पंख घेऊ नका. ती वस्तू खोटी नाहीये, चुकीच्या जागी विकली जातीये. मित्सुबिशीच्या लोकांनी 2004 च्या सुमाराला सेडानवर त्याचा नीट अभ्यास केला होता, तिथे टप संपून मागची काच उतरत जाते आणि त्या उतारावर हवा सुटायला लागते, पंखांनी ती जरा उशिरा सुटते. त्यांना फायदा मिळाला सीडीमध्ये 0.006 चा. पुन्हा वाचा, शून्य पूर्णांक शून्य शून्य सहा. आणि तुमच्या गाडीला मागे उतारच नाही, टप संपला की कडा, कडेखाली उभा दरवाजा. तिथे हवा सुटणारच, पंख लावले तरी सुटणार न लावले तरी सुटणार. 10 टक्के म्हणणाऱ्याने कुठे आणि कसे मोजले ते विचारा.

तुमच्या गाडीची खरी मोठी ओढ त्या मागच्या दरवाज्यावरच आहे. हवा सुटल्यावर मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि ती गाडीला मागे खेचत राहते, पुढून ढकलणारी हवा आणि मागून खेचणारी पोकळी दोन्ही मिळून. धुळीच्या रस्त्यावर मागची काच सगळ्यात आधी माखते ना, ती याच पोकळीने ओढून आणलेली धूळ. हे कमी करायचं तर मागचा भाग निमुळता करावा लागतो, लांब ट्रकच्या मागे कधी कधी चार फळ्या आत झुकवून लावलेल्या असतात त्या याचसाठी. आपल्याला ते शक्य नाही, स्टेपनी दरवाज्यावर लटकलेली, दरवाजा उघडायला हवा. सोडून द्या.

दुसरा मोठा भाग गाडीच्या खाली. साध्या गाडीत सुद्धा चाकं आणि चाकांच्या कमानी मिळून एकूण ओढीचा साधारण पाव हिस्सा खातात, आपल्याकडे तर खाली अॅक्सल, गिअरबॉक्सचे उंचवटे, सायलेन्सर, आडवे पाइप, सगळं हवेत लोंबकळतंय आणि गाडी उंच म्हणून तिथे हवा पण भरपूर जाते. गाडी उंच करायची लिफ्ट किट टाकली की अॅव्हरेज पडतं ते म्हणूनच, गाडी मोठी दिसते त्यापेक्षा खालचं जास्त उघडं पडतं. तुम्ही लिफ्ट केलेली नाही, करू पण नका गरज नसेल तर.

वाऱ्याची शंका बरोबर आहे. गाडीला जमिनीवरचा स्पीड कळत नाही, हवेतला कळतो. 100 ने चाललाय आणि समोरून 20 चा वारा आहे तर हवेच्या दृष्टीने तुम्ही 120 ला आहात, हवेची ओढ 44 टक्के जास्त. परत येताना तोच वारा पाठीशी, मग 80, ओढ 36 टक्के कमी. आता बघा, 44 जास्त आणि 36 कमी, म्हणजे जाऊन येऊन बरोबरी होत नाही, सरासरीत 4 टक्के तोटाच राहतो. बाजूचा वारा तर आपल्यासारख्या उंच सपाट गाड्यांना अजून वाईट, कारण मग कोपऱ्यावर हवा तिरकी येते आणि आडोशाची अख्खी बाजू भोवऱ्यात जाते. म्हणून मोजायचं असेल तर जाऊन येऊन मोजा आणि वारा पडलेला दिवस बघा. गारठ्यात पण फरक दिसतो, शून्य अंशाची हवा 40 अंशाच्या हवेपेक्षा जवळपास 15 टक्के दाट असते.

पण या सगळ्यापेक्षा उजवा पाय मोठा आहे हो. तुमच्याच गाडीचं करून बघितलं, 110 च्या ऐवजी 95 ने गेलात तर साडेनऊचे 11.7 होतात. 200 किमीच्या प्रवासात साधारण 4 लिटर वाचतात आणि वेळ जातो फक्त 17 मिनिटं जास्त. आणि कॅरिअर काढल्यावर 95 ला साडेबारापर्यंत जायला हरकत नाही.

---

चिखलचाक

मी टायरवालाच, तेवढंच सांगतो. ऑल टेरेन ठीक आहेत, मड टायर टाकू नका रोज हायवे असेल तर, ते जड पण असतात आणि लोळायला पण जास्त ताकद घेतात. चिखलात, वाळूत हवा कमी करत असाल तर रस्त्यावर परत येताना भरायची विसरू नका, मी एकदा विसरून 60 किमी आलो, टायर हाताला भाजत होते इतके तापलेले, ती सगळी उष्णता म्हणजे डिझेलच की. आणि गाडीला पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब लॉक (चाक पुढच्या अॅक्सलला जोडणारे किंवा सोडवणारे) असतील तर हायवेला ते मोकळे ठेवा, पुढचा प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल उगाच फिरत राहत नाही. फायदा थोडाच आहे पण फुकट आहे.

---

पायवाट_ते_पठार

अपडेट द्यायला तीन आठवडे लागले माफ करा. कॅरिअर आणि लाइट बार उतरवले, दोन बोल्ट कापावे लागले. जीपीएसने मीटर तपासला, ओडोमीटर 100 किमीला जवळपास 4 किमी कमीच मोजतोय, रानवाट ताईंचं गणित बरोबर निघालं. हब तपासले तर एका बाजूचा लॉकच होता, किती महिने तसाच होता देव जाणे.

काल पहाटे वारा नसताना त्याच हायवेवर टाकी फुल करून निघालो, एका बाजूने 150 किमी गेलो, तसाच परत आलो, जीपीएसवर 95 धरून. परत त्याच पंपावर, त्याच नोझलने फुल केली. दुरुस्त केलेल्या अंतराने 12.4 आलं. आधी याच रस्त्याला 9.9 होतं, तेवढ्या 300 किमीत 6 लिटरच्या वर वाचले. शिट्टी पूर्ण गेलीये, बायको मागच्या सीटवर झोपली आणि वाटेत एकदा पण जागी झाली नाही, आधी 90 च्या पुढे ओरडून बोलावं लागायचं.

एक विचारायचं राहिलं, टपावर कॅरिअरचे पाय बसवायची जी भोकं उघडी पडलीत ती रबरी बुचांनी बंद केली तर पाणी आत येणार नाही ना, का सिलंट पण लावू?

---

रानवाट_ती

दोन्ही करा. भोकाच्या कडेचा गंज आधी घासून काढा, प्रायमर मारा, मग बुच आणि वरून सिलंट. मी नुसतं बुच ठेवलं होतं, पहिल्याच पावसात टपाचं अस्तर भिजलं.